सात नंबरचं झाड

"सर, झाडाला चुकीची पाटी लावली तर त्या झाडाला कळतं का हो?"

विचारलं चतुरानं, पण प्रश्न तिचा नव्हता. कॉलेजच्या वनस्पती उद्यानात शिरता शिरता वर्गातल्या आबेदा आणि वच्छलानं तिच्याशी पैज मारली होती. तुझे आबा इथंच माळी हायेत, तुला कोण काय म्हणणार, असं वच्छलाचं म्हणणं, आणि आबेदाचं एवढंच की, "पूछ के दिखा." दोन पेरू ठरले. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून चतुराला कुणालाही काहीही विचारायचं भय उरलं नव्हतं. नववीच्या सगळ्या पोरी तोंडाला ओढणी-रुमाल लावून हसल्या.

बाग दाखवणारे कॉलेजचे काकासाहेब सर मात्र हसले नाहीत. सकाळपासून ही तिसरी शाळा होती. रुमालानं मान पुसत ते म्हणाले, "झाडाला नाही कळत, बाळ. म्हणून तर माणसानं बघून लावायची असते." आणि मग थकलेल्या आवाजात त्यांनी पुढचं सांगायला घेतलं. बागेच्या उत्तरेच्या कडेला नवी प्रयोगशाळा होणार होती. त्या ओळीत नऊ झाडं, त्यातली आठ येत्या सोमवारी तोडली जाणार. ज्यांच्यावर गेरूची फुली आहे ती जाणारी. सात नंबरचं तेवढं ठेवायचं, कारण बागेत पाडळीचं हे एकच झाड. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या आधीच्या सरांनी कन्नडच्या घाटावरून रोप आणून लावलेलं. ओळीतला नंबर, पाटीवरचं नाव, सगळं यादीत चढवून त्यांनी सही केली होती. माझा विषय खरं तर शेवाळ, असंही ते मधेच म्हणाले, पण ते कुणाला म्हणाले हे पोरींना कळलं नाही.

फेब्रुवारी सरत आला होता. ओळीतली बरीच झाडं पानं झडून काटकीसारखी उभी होती, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. चतुरा पैज जिंकल्याच्या तोऱ्यात सात नंबरखाली जाऊन उभी राहिली आणि तिच्या चपलेखाली काहीतरी कडकन मोडलं. वाकडी, चपटी, मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली शेंग. अशा बऱ्याच पडल्या होत्या. मामाच्या गावी, कन्नडजवळ, या शेंगा कानावर धरून पोरं एकमेकांना टकरा देत. ही मेढशिंगी. तिथल्या शेंबड्या पोरालाही ओळखू येईल.

पण पाटीवर पांढऱ्या अक्षरात 'पाडळ' लिहिलं होतं.

शेजारच्या आठ नंबरच्या पाटीवर 'मेढशिंगी' होतं. त्याच्या फांद्यांना हातभर लांब, काडीसारख्या बारीक शेंगा लोंबत होत्या, म्हणजे खरी पाडळ हीच. आणि बुंध्यावर गेरूची फुली होती.

चतुरानं पाट्यांची अक्षरं पुन्हा पाहिली. 'ढ'ची शेपटी लांब ओढलेली होती. तशी शेपटी ती चौथीत असताना काढायची.

पेरू खायला ती थांबली नाही. पोट दुखतंय असं शाळेच्या बाईंना सांगून ती सुटली आणि घराकडची, पडेगावची सिटी बस धरली. पाच वर्षांपूर्वीची ती दुपार बसमध्ये तिच्या डोळ्यापुढं जशीच्या तशी उभी राहिली. दर साली दिवाळीआधी आबा सगळ्या पाट्या उतरवायचे आणि आपण फिरतो त्या क्रमानं तारेत ओवून ठेवायचे. रंगारी रंगवायचा, आबा तार सोडून एकेक पाटी तशीच परत लावायचे. त्या साली रंगारी आला नाही, आणि पुढं दर सालचं रंगवणंच बंद पडलं. आबांनी पाट्या घरी आणल्या. चतुराचं अक्षर चांगलं, म्हणून तिनं रंगवल्या, बाजेवर वाळत घातल्या. दोन पाट्यांचा रंग पुसटला म्हणून त्या पुन्हा रंगवाव्या लागल्या. मैत्रिणी बाहेर हाका मारत होत्या. त्या दोन पाट्या तिनं आधी कुठली, नंतर कुठली हे न बघताच तारेत घातल्या.

घरी आबा बाजेवर उताणे पडलेले होते. चार दिवसांपासून कंबर धरली होती, म्हणून कामावर जाणं नव्हतं. आबांनी, बद्रीनाथ माळ्यानं, अजून चाळिशी गाठली नव्हती, पण पाठ साठीची झाली होती. माय, म्हणजे साळूबाई, वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्यांची कंबर शेकत होती.

चतुरानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आबा छताकडं बघत ऐकत राहिले. तिला वाटलं होतं ते दचकतील, उठून बसतील. ते म्हणाले, "शेंगा झाडल्या नव्हत्या का कुणी?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक हाय?"

"लावल्या त्याच्या दुसऱ्या साली कळलं. कॉलेजची एक पोरगी सातव्याखाली मोठ्यानं वाचत होती, पाडळ म्हणून. मी तिथंच आळं करत होतो."

तेव्हापासून दर हिवाळ्यात ते रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन सात नंबरखालच्या शेंगा झाडून घेत होते. हातभर झाडू, वाकून वाकून. कुणी शेंग उचलू नये, कुणी विचारू नये, एवढ्यासाठी.

चतुराला राग आला. का नाही सांगितलं, दोन पाट्यांची तर अदलाबदल होती, एका मिनिटाचं काम.

मायच बोलली. आबांना नोकरीत कायम करताना ऑफिसातल्या कागदावर 'चौथी पास' लिहिलं होतं. त्याशिवाय कायम होता येत नव्हतं. खरं म्हणजे अठ्ठेचाळीसला, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली, गावची शाळा बंद पडली ती त्यांच्यासाठी बंदच राहिली, आठ वर्षांचं पोर गुरांमागं गेलं. ते सही करायचे, पण ती सही म्हणजे पाहून पाहून काढलेलं चित्र होतं. चतुराला हे आजवर माहीत नव्हतं. पेपर आणला की आबा म्हणायचे, वाच गं, माझा चष्मा नाही. चष्मा घरात कधी नव्हताच.

"पाटी बदलली असती तर विचारलं असतं, तुला कसं कळलं," आबा म्हणाले. "तोवर नकाशात नावं चढली होती. पोरं तशीच परीक्षा देऊन गेली. मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

"त्याला काय लागतंय," माय म्हणाली. "उद्या आईतवारी बाग बंद. ह्याची फुली पुसा अन् त्याच्यावर मारा. झालं."

"यादी नंबरावर हाय. सातवं ठेवायचं, आठवं पाडायचं. साहेबांची सही हाय त्यावर."

"मग पडू द्या. झाडापायी पोटावर पाय मारून घेणार व्हय?"

आबांनी डोळे मिटले. "मी बी तेच म्हणतोय. लई दमलो. पडू दे."

वीट निवाली होती. माय ती घेऊन चुलीकडं गेली. बाजेच्या सुंभावर आबांचा हात लोंबत होता, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. बहात्तरच्या दुष्काळात बागेचा हौद आटला, तेव्हा याच हातानं खांद्यावरची कावड धरून ते छावणीच्या विहिरीवरून पाणी आणत. चतुरा तेव्हा लहान होती. मागं मागं पळत जायची आणि सांडलेल्या पाण्याच्या ओल्या ठिपक्यांवर पाय ठेवायची. सगळी झाडं जगवता येणार नव्हती. आबांनी काही सोडून दिली. पण आठ नंबरला दिवसाआड दोन डबे, ते मात्र चुकलं नाही.

"त्याला का घालत होता पाणी?" तिनं विचारलं.

"जुन्या सरांनी हातात रोप दिलं होतं, हे जपा म्हणून." डोळे न उघडता ते म्हणाले. "एवढंच सांगितलं होतं मला त्यांनी."

मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडं काहीतरी ओघळलं आणि त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, तर कंबरेतून कळ आली. तसेच राहिले. चतुरानं बापाला दमलेलं रोज पाहिलं होतं. असं पाहिलं नव्हतं.

ती हातपाय धुऊन आली. माय भाकरी थापत होती. व्यासपीठावर उभी राहायची तशी ती बाजेजवळ ताठ उभी राहिली, टाळ्या मात्र कुणी वाजवणार नव्हतं.

"माय, आबा, ऐका," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी काकासाहेब सरांच्या घरी जाणार हाय. पाट्या मी रंगवल्या, मी चुकवल्या, हे मी सांगणार. तुम्ही नाय म्हणालात तरी जाणार. पण आबा, तुम्ही संगं यायचं. मी तुम्हाला रिक्षात निजवून नेईन. सरांनी बागेत चला म्हटलं तर झाडं तुम्ही दाखवायची, अन् नावं मी वाचीन. तुम्हाला वाचता येतं का, असं त्यांनी विचारलं, तर नाय म्हणायचं. मी शेजारी उभी असेन. अन् नोकरीचं त्यांनी काय बी ठरवलं तरी आजच्या दिवसापासून रोज भाकरी खाल्ल्यावर अर्धा तास तुम्ही माझ्यापुढं पाटी घेऊन बसायचं. हे मी ठरवलंय."