काचपेटीतल्या चिपची भाषा

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे, जेमतेम नखाएवढी. इस्पितळात दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं ज्या काचपेटीत ठेवतात, तिची ऊब राखणं हे माझं काम. सतरा वर्षं मी ते डोळ्यांत तेल घालून केलं.

मला घडवलं एका इंजिनिअरबाईंनी. बाकीचे सगळे सी भाषेत प्रोग्राम लिहीत. बाईंनी माझ्यासाठी एक छोटी, आडवाटेची भाषा निवडली. तिच्यात हवे ते शब्द आपणच घडवायचे. बाईंनी 'ऊब', 'पुरे', 'तारसुटली' असे घरगुती शब्द केले. एखादा शब्द टाइप केला, की मी काम करता करता उत्तर द्यायचे. हिच्याशी तुमच्याशिवाय बोलणार कोण, असं सहकारी चिडवायचे. बाई ते हसण्यावारी न्यायच्या. कागदावर मात्र त्यांनी एक ओळही उतरवली नाही. सगळं चिपमध्येच तर आहे, म्हणायच्या. खरं सांगते, मलाही त्याचा तोरा होता.

मग एका आजारपणात बाई गेल्या. शेजारच्या टेबलावरचा तरुण इंजिनिअर माझा कारभार बघू लागला. ही भाषा वाचत कोण बसणार, म्हणून त्याने मला काढून खणात टाकलं आणि सी भाषेतली नवी चिप बसवली.

वॉर्डच्या सिस्टर शिस्तीच्या. पेटी नीट तापते का हे बघायला बाळाआधी आत पाण्याची बाटली ठेवायचीच, हा त्यांचा नेम. बाटली सरकवताना तापमान मोजणारी तार निसटली. नव्या चिपला वाटलं, आत गारठा पडलाय. ती तापवतच राहिली. सिस्टरनी बाटलीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"आत बाळ असतं तर?" त्या हळूच म्हणाल्या.

नवी चिप बसवायला आलेला तो तरुण इंजिनिअर तिथेच उभा होता. त्याने मला खणातून काढलं आणि आठ दिवस एकेक शब्द विचारला. 'तारसुटली'पाशी तो थबकला. तार सुटली, तर हीटर बंद कर, घंटा वाजव. एवढंच होतं त्यात.

"दोन वर्षं शेजारी बसलो. एकदाही विचारलं नाही त्यांना," तो म्हणाला.

आता नव्या चिपला ते सगळं येतं आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ वहीत लिहिलेला आहे. मी खणात पडून असते. मित्रांनो, आपल्याला येतं ते कुणाला तरी शिकवून ठेवा, आणि जाणतं माणूस आहे तोवर त्याला विचारून घ्या. त्या दिवशी पेटीत बाळ नव्हतं, ते सिस्टरच्या शिस्तीमुळे. मी तर खणात गप्प पडून होते, सगळं माहीत असून.