ओली होडी

मित्रांनो, मी एक जुना करंज आहे. 'आहे' हा शब्द मी सध्या जपून वापरतो.

पनवेलच्या खाडीकाठी मी आपोआप उगवलो. मला कोणी लावलं नाही, पाणी तर नाहीच घातलं. पाला कडू म्हणून शेळ्यांनी सोडलं, खोड वाकडं म्हणून सुतारांनी. कौतुक झालं ते बियांचं. गुणाबाई कोळीण त्या वेचायची आणि घाण्यावरून तेल काढून आणायची. खरूज झालेल्या पोराला ते चोळलं की पोरगं दोनदा ओरडायचं. एकदा खाजेने, एकदा वासाने. बाकीचं तेल नवऱ्याच्या, बुधाजीच्या होडीला.

बुधाजी वारला. होडी माझ्या सावलीत उपडी पडली. गुणाबाई तरी दरवर्षी तिला तेल लावत राहिली.

पुढे विमानतळाची बातमी आली. विमान आलं नाही, जमिनीचे भाव मात्र उडाले. गुणाबाईच्या मुलाने, जीवनने, बंगला बांधला, लांबलचक गाडी घेतली. फाटकापाशी मी उभा, त्यामुळे ती आत वळेना. गाडी कापता येत नाही, म्हणून मला कापायचं ठरलं.

दिवाळी सरली आणि काशिराम मशीनची करवत घेऊन आला. तोही कोळ्याचाच. आधी त्याने होडीला हात लावला. तळवा तेलाने माखला.

"ओली हाय. आज नाय जमायचा," तो म्हणाला.

ओल्या होडीजवळ धूळ उडवायची नाही, हा कोळ्यांचा दंडक. तेलात भुसा बसला की फळीत मुरतो आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

"आये, आजच कशाला तेल लावलास?" जीवन चिडला.

"तुज्या बापाची होडी हाय. सुकली का झाड तोड."

दुसऱ्या दिवशी होडी पुन्हा ओली. तिसऱ्याही दिवशी.

"मावशे, ही होडी हाय का भजी?" काशिरामने विचारलं.

"तू मशीन घरी ठेव, मंग सांगतू."

रोज सकाळी करवत यायची, रोज माघारी जायची. पण तेलाचा डबा मला वरून दिसत होता. त्याचा तळ उघडा पडत चालला होता. माझ्या शेंगा अजून हिरव्यागार. मी खूप जोर लावला. पण बी काही भीतीने पिकत नाही.

शेवटी गुणाबाईने डबा उपडा करून आतून फडका फिरवला. तो फडका होडीच्या टोकापर्यंतही पुरला नाही.

मग उन्हं पडली. दोन दिवस तिने होडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या सकाळी काशिराम आला. त्याने मशीन सुरू केलं. माझं पान न् पान थरथरलं; वारा नव्हता. गुणाबाई दारात उभी होती.

काशिरामने रिवाजाप्रमाणे होडीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मशीन बंद केलं.

"ओली हाय अजून."

"काय सांगतोस?" जीवन तरातरा आला. त्याने फळीवर तळवा दाबला, उचलून पाहिला. ठणठणीत कोरडा. त्याने आईकडे पाहिलं. मग तो कोरडा हात त्याने आपल्या पँटीला खसाखसा पुसला.

"हो," तो म्हणाला. "ओली हाय."

गाडी हल्ली रस्त्यावरच उभी असते.

मित्रांनो, झाडं जगवा, असा उपदेश मी करणार नाही. तो तुम्हाला पाठ आहे. एवढंच करा. कधी इकडे आलात, होडीला हात लावलात, आणि कोणी विचारलंच, तर हात पुसायला विसरू नका.