बाबा मागे बसतात

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा बाबांनी निमूट मान डोलावली आणि घरी येऊन बंड पुकारलं. चालवणार नाही, कबूल; पण मागेही बसणार नाही! आता गाडी थोरली लेक चालवायची आणि पुढे तिच्याशेजारी आई बसायची; आईचे दुखरे गुडघे मागे मावत नसत. "मागे हाडं खिळखिळी होतात," बाबा म्हणाले. "मी आपला घरीच बरा."

तेव्हापासून बाबांनी फाटक ओलांडलं नव्हतं. हा माणूस खुर्चीत बसून बसून म्हातारा होणार, या विचाराने थोरलीच्या जिवाला घोर लागला. हाडांचं निमित्त आहे हे तिला कळत होतं. पण मागचे शॉकॲब्सॉर्बर खरोखरच कामातून गेले होते. आधी निमित्त तरी काढून घेऊ, असं तिने ठरवलं.

सुट्टीच्या दिवशी तिने अंगणात गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले, मागची चाकं काढली. बाबा खुर्चीसकट देखरेखीला हजर. गंजलेल्या बोल्टने तिला घाम फोडला.

"तेल सोड आणि दम धर. भांडून बोल्ट निघत नसतो."

"तुमच्याशी भांडून तरी काय निघालंय?" थोरली पुटपुटली.

स्प्रिंग दाबून बांधताना मात्र बाबांचं तोंड बंद झालं. ती सुटली तर माणसाला आडवं करते, हे ते जाणून होते.

दुपारी नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकॲब्सॉर्बर जागेवर बसले, गाडी चाकांवर उतरली. थोरली पाना घेऊन मागच्या चाकाशी आडवी झाली.

"खालचे बोल्ट राहिलेत. मागे वजन ठेवून आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळवटून फाटतं. बसता का?"

"आईला बसव."

"आई चिमणीएवढी! तिच्यानं काय दबणार?"

बाबांनी दुसरं काही वजन सापडतंय का ते अंगणभर पाहून घेतलं. मग "कामापुरतं हं," असं बजावून मागे बसले.

तिने दोन्ही बोल्ट आवळले. "झालं, बाबा. उतरा."

बाबा उतरले नाहीत. त्यांनी सीटवर हलकेच उसळून पाहिलं. मग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे इतका वेळ बघत राहिले, की तेवढ्यात थोरलीने हत्यारं पुसून ठेवली.

खिडकीतून हात बाहेर आला. हातात बाबांनी अजून खिशात जपलेली त्यांची गाडीची किल्ली होती.

"आईला हाक मार. मी मागून एक शब्द बोलणार नाही."

फाटक ओलांडायच्या आत त्यांनी तिला तीनदा टोकलं. थोरलीला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.