तिवराचा पार

मित्रांनो, वसईच्या खाडीकाठी, बांधाच्या टोकाला एक वाकडं, जाड बुंध्याचं तिवराचं झाड दिसतं. भरतीला गुडघाभर पाण्यात, ओहोटीला चिखलात. तोच मी. दिसायला काही खास नाही, पण माझी गोष्ट ऐका.

बाकीच्या झाडांचं बी जमिनीत पडतं, मग सावकाश रुजतं. आम्हाला एवढी सवड कुठली? पाणी घेऊन जाईल ना! म्हणून माझ्या आईने मला फांदीवर असतानाच आतल्या आत कोंब फुटू दिला आणि मगच खाली सोडलं. तरंगत तरंगत इथल्या चिखलाला लागलो आणि लगेच पाय रोवले.

पाणी खारं. ते पिऊन मी नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. उन्हात माझं पान चाटलंत तर जीभ खारट होईल. आणि या चिखलात हवा जवळजवळ नाहीच. म्हणून माझी मुळं बोटांसारखी वर डोकं काढून उभी असतात. त्यांच्यातूनच मी श्वास घेतो. लोक त्यांना नुसते खुंट म्हणतात. म्हणोत बापडे!

बांधावर मारुतीचं छोटं देऊळ आहे. तुळशीदासबुवांची केळीची आणि फुलांची वाडी त्याच्या मागेच. दर माघात ओहोटीची वेळ बघून बुवा माझ्या सावलीत कीर्तन करतात. गळा असा, की समोरच्या फांदीवरचा खंड्या मासा धरायचं विसरतो. अशी कीर्तनं ऐकत मी म्हातारा झालो, याहून मोठं भाग्य कोणतं?

गेल्या वर्षी पेटीवाला माझ्या खुंटाला अडखळून पेटीसकट चिखलात बसला. त्या दिवशी बुवांच्या मनात आलं, वडाला पार असतो, पिंपळाला पार असतो, मग ज्याच्या सावलीत आपण देवाचं नाव घेतो त्याला का नको? झालं. यंदाचा माघ जवळ येताच माझ्याभोवती दगडांचं कडं रचलं, आत लाल माती ओतली आणि चोपून घट्ट केली. यंदाचं कीर्तन पारावरूनच, असं साऱ्या आळीला सांगून टाकलं.

खाडीत पलीकडे भराव पडून माझे कितीतरी भाऊबंद गेले. तो भराव लोभाचा होता. हा भक्तीचा होता. पण मातीखाली मला दोन्हीत फरक कळेना. थोड्याच दिवसांत माझी पानं पिवळी पडू लागली.

"दृष्ट लागली हो झाडाला!" बुवांच्या पत्नी चंद्रकांताबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मित्रांनो, मीठ! आणि ते मला! हसू आलं असतं, पण हसायला श्वास लागतो.

कीर्तनाच्या दिवशी उर्सुला टीचर सर्वांच्या आधी आल्या. माणिकपूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. रविवारचा चर्चमधला मिस्सा चुकवत नाहीत आणि बुवांचं कीर्तनही. झाडाझुडपांचे दाखले त्यांनीच बुवांना शिकवलेले. पार बघून त्या थबकल्या.

"बुवा, खुंट कुठे गेले?"

"आत घेतले. आता कुणी पडायचं नाही."

"अहो, ती त्याची नाकं आहेत!"

"नाकं? टीचर, चेष्टा करता काय गरिबाची?"

"तुमच्या तोंडावर उशी दाबली तर ओवी निघेल का? तसंच झालंय त्याचं. पानं बघा की."

बुवांनी वर पाहिलं. एक पिवळं पान त्यांच्या पागोट्यावर पडलं. ते मटकन पारावर बसले आणि पुढच्याच क्षणी, चटका बसावा तसे उठले.

माणसं जमू लागली होती. चंद्रकांताबाई हळूच म्हणाल्या, "अहो, अख्खी आळी पार बघायला आलीय. आता मोडलात तर काय म्हणतील?"

"म्हणतील, बुवा चुकला. खोटं आहे का ते?"

त्यांनी धोतर खोचलं, वाडीतून फावडं आणलं आणि उपरणं कमरेला बांधून पहिला घाव घातला. मग गायला लागले:

कुणा दिले काटे । कुणा दिले मेण ।
कुणा दिला प्राण । चिखलात ॥

किल्ल्याच्या भिंतीवरच्या निवडुंगाने पानांचे काटे करून पाणी राखलं, म्हणाले. तळ्यातल्या कमळाच्या पानाला मेण, म्हणून ते ओलं होत नाही. चिंचोटीच्या धबधब्यातल्या कातळावरचं शेवाळ उन्हाळ्यात वाळून काळं पडतं आणि पाणी मिळताच हिरवं होतं. "आणि या माझ्या बाबाला देवाने चिखलातून वर नाकं दिली. मी दीडशहाणा, ती पुरायला निघालो!"

लोक हसले. मग पेटीवाला उठला, त्याच्यामागून बायका घमेली घेऊन आल्या. टीचरनी झांजा उचलल्या. ताल थोडा चुकत होता, पण बुवांनी सांभाळून घेतला.

उत्तररंग, म्हणजे पुढचं आख्यान, झालाच नाही. भरती चढू लागली, तशी माणसं चपला हातात घेऊन बांधावर गेली. बुवा मात्र पाण्यात उभे राहून एकेका मुळाची माती ओंजळीने धूत राहिले. "घे रे बाबा," पुटपुटत होते, "घे श्वास."

काही मुळं मेलीच. पण उरलेल्यांनी मला तगवलं, आणि पुढे बुंध्याजवळ नवीन कोवळी बोटं वर आली.

मित्रांनो, देवाने प्रत्येकाला जगण्याची निराळी युक्ती दिली आहे. तुम्हाला आमच्यावर माया करावीशी वाटली, तर जरूर करा. आम्हाला ती हवीच आहे. फक्त माती टाकण्याआधी जरा खाली वाकून बघा, आम्ही श्वास कुठून घेतो ते.