टेप उलटताना

सत्याला लेखक नसतो.

हे सरांचं सर्वांत गाजलेलं वचन. सभागृहाच्या आतल्या दर्शनी भिंतीवर ते वीतभर उंचीच्या पितळी अक्षरांत ठोकलेलं आहे आणि त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून घेण्यासाठी लोक रांग लावतात. हे वचन ताईंनी लिहिलं होतं. एका मंगळवारी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, गॅसवर भाजी करपत असताना. भाजी गेली ती गेली, वाक्य मात्र जमलं.

त्याच वाक्यासमोर लाल पेन्सिलीने मारलेली फुली आता ताईंच्या पुढ्यात होती.

"अशी त्रेचाळीस वाक्यं आहेत," कागद पुढे सरकवत प्राध्यापक म्हणाले. "नऊ पुस्तकांत मिळून त्रेचाळीस. टेपवर एकही नाही."

"नसतील," ताई म्हणाल्या.

"नसतील काय? नाहीत! आम्ही सगळ्या टेपा दोन-दोनदा ऐकल्या."

"मी चार-चारदा ऐकल्यात. कानाला अजून दडे बसतात."

सरांच्या ट्रस्टच्या वरच्या मजल्यावरची ही खोली. 'जरा चहाला या' असा निरोप होता, म्हणून ताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. सत्काराचं काहीतरी काढलं असेल असं त्यांना वाटलं होतं, आणि 'कशाला उगीच' हे वाक्य त्यांनी बसमध्ये मनातल्या मनात तीनदा म्हणून ठेवलं होतं. ते आता फुकट गेलं. चहाही अजून आला नव्हता.

सर मूळचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक. एके दिवशी त्यांनी पदार्थ सोडले आणि जगावं कसं हे सांगायला सुरुवात केली. माळ नाही, कफनी नाही. साधा शर्ट, साधी पँट, दर रविवारी दहा वाजता दीड तास. मी कोणाचाही गुरू नाही, असं ते एकतीस वर्षं सांगत राहिले, आणि ते ऐकायला येणाऱ्या शिष्यांना सभागृह पुरेनासं झालं.

ताई पहिल्या रांगेत डावीकडे, टेपरेकॉर्डरला चिकटून बसत. आठवडाभर त्या दिवाणी कोर्टात लघुलेखिका असत आणि रविवारी सरांच्या. रेकॉर्डर चालू असला तरी त्या वहीत लघुलिपीत सगळं उतरवून घेत. कोर्टातली खोड. खोलीत जे बोललं जाईल ते कागदावर यायचं, साक्षीदार गप्प बसला तर 'साक्षीदार गप्प' असं यायचं.

टेपची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ती संपली की बटण खटकन वर येई आणि ताई टेप उलटत. जेमतेम दहा सेकंदांचं काम. पण त्या दहा सेकंदांत सर कुठे जाऊन येत कोण जाणे. पहिल्या बाजूला भीतीबद्दल बोलत असले, तर दुसऱ्या बाजूला झाडांबद्दल बोलू लागत. समोर बसून ऐकताना ते फार खोल वाटे. कागदावर उतरवलं की दोन वेगवेगळ्या पुस्तकांची फाटकी पानं शेजारी ठेवल्यासारखं दिसे. मग ताई मधल्या गटारावर एक फळी टाकत. एक वाक्य, फक्त पलीकडे जाता यावं म्हणून. नऊ पुस्तकं, त्रेचाळीस व्याख्यानं, त्रेचाळीस फळ्या.

आणि लोक नेमके त्या फळ्यांवरच थांबायला लागले.

"ही भेसळ आहे, ताई," प्राध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आणि त्याला कारण होतं. त्यांची डॉक्टरेट सरांच्या विचारशैलीवर होती आणि तिचं चौथं प्रकरण, सत्तर पानांचं, एकाच वाक्यावर उभं होतं: दुःखाला बसायला खुर्ची द्या, उभं राहिलं की ते जास्त वेळ थांबतं.

"चौथं प्रकरण मी वाचलंय," ताई म्हणाल्या. "त्यात तुम्ही खुर्ची म्हणजे काळ असं म्हटलंय."

"मग?"

"खुर्ची म्हणजे खुर्ची."

ट्रस्टच्या अध्यक्षांनी घसा साफ केला. अध्यक्ष म्हणजे सरांचे पुतणे. बाथरूमच्या फरश्यांचा त्यांचा धंदा जोरात होता. सर असेपर्यंत ते एकाही रविवारी फिरकले नव्हते. सर गेल्यावर मात्र ओढ लागली.

"भांडायचं काही कारणच नाही," ते म्हणाले. "प्रोफेसर, तुमचा नियम काय तो सांगा ना ताईंना."

"'मूळ वाणी' ही नवी आवृत्ती निघतेय. तिचा नियम एकच. वाक्य एकतर टेपवर असलं पाहिजे, नाहीतर ते ऐकलेल्या हयात माणसाची लेखी साक्ष पाहिजे. दोन्ही नसेल तर वाक्य नाही."

"झालं तर मग!" अध्यक्षांनी टाईप केलेला दुसरा कागद काढला. "टेप तुम्हीच उलटायचात, ताई. ही वाक्यं सर तेव्हा बोलले, टेप बंद होती म्हणून आली नाहीत, तुम्ही मात्र स्वतःच्या कानांनी ऐकलीत. इतकंच लिहिलंय यात. खाली सही करा. वाक्यंही राहतील, भिंतही राहील. त्या खुर्चीच्या वाक्याचे हो आम्ही कप काढलेत, चार हजार."

"आणि नाही केली सही?"

"मग ती मागाहून घुसडलेली, असं प्रस्तावनेत लिहावं लागेल," प्राध्यापक म्हणाले. "अर्थात तुमचं नाव घेणार नाही आम्ही."

"ते आधी कधी घेतलं होतंत?" ताईंनी विचारलं.

दोघंही पेन्सिलीकडे बघत राहिले. नऊही पुस्तकांवर 'शब्दांकन: एक साधिका' असं छापलेलं होतं. नाव हे ओझं आहे, ते उतरवून ठेवा, असं सर सांगत. ताईंनी ठेवलं. सरांचं नाव मुखपृष्ठावर ठसठशीत राहिलं, कारण ते नसलं तर पुस्तक कुठल्या कप्प्यात लावायचं ते दुकानदाराला कळत नाही, असा खुलासा तेव्हाच्या कमिटीने केला होता.

चहा आला. ताई तो न पिताच दोन्ही कागद पिशवीत कोंबून उठल्या.

घरी त्यांचे यजमान खिडकीशी पेपर वाचत होते. पाणीपट्टीच्या खात्यात मीटर तपासण्यात त्यांची हयात गेली होती. काटा काय दाखवतो तेवढ्यावर त्यांचा विश्वास.

"झाला सत्कार?"

"झाला! भेसळ केली म्हणाले, भेसळ!" ताईंनी पिशवी टेबलावर आपटली. "ज्या पाकिटांवर मी जिभेने तिकिटं चिकटवली, जी पार्सलं दोन-दोन बसा बदलून पोस्टात नेली, ती पुस्तकं त्या माणसाने कॉलेजात असताना फुकट मागवून घेतली होती माझ्याकडून. आणि आता मला म्हणतो भेसळ!"

यजमानांनी अध्यक्षांचा कागद शांतपणे वाचला. "कर की सही. वाक्यं तरी जगतील."

"आणि मी?"

"तू जगतेच आहेस. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतंय."

"अहो, अठ्ठावीस वर्षं मी लोकांना शपथेवर खोटं बोलताना लिहून घेतलंय. माझ्या हातून काना इकडचा तिकडे झाला नाही. आणि आता मीच लिहून देऊ, स्वतःच्या कानांनी ऐकलं म्हणून?"

"पण पुस्तकात टाकलीसच ना वाक्यं? सरांच्या तोंडी?"

"तिथे शपथ नव्हती," त्या म्हणाल्या. "आणि सरांना ठाऊक होतं."

हे खरं होतं. पहिलं पुस्तक हातात आलं तेव्हा सरांनी नेमकं ताईंच्या वाक्याचं पान उघडलं होतं. 'हे मी म्हणालो?' त्यांनी विचारलं. 'म्हणणार होतात,' ताई म्हणाल्या. सरांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, 'चांगलं म्हणालो.' त्यावर विषय संपला. पुढच्या पुस्तकापासून ते पुस्तक आलं की आधी मधलं पान उघडू लागले.

"खुर्चीचं तर तुझी आई गेली तेव्हाचं," यजमान म्हणाले. "लोक उभ्याउभ्या भेटून चालले होते आणि तू प्रत्येकाच्या मागे खुर्ची घेऊन धावत होतीस. मला म्हणालीस, बसले तर लवकर जातील."

ताईंना एक पत्र आठवत होतं. सरांच्या नावाने येणारी पत्रं त्याच फोडत आणि उत्तरंही त्याच लिहीत. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डातली एक नर्स होती. तिने खुर्चीचं वाक्य औषधांच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं. दार उघडलं की मला दिसतं, पेशंटला दिसत नाही, असं तिने लिहिलं होतं. सही नाही केली तर कपाटातलं ते वाक्य खोटं ठरणार होतं. सही केली तर ताई खोट्या ठरणार होत्या, अर्थात फक्त स्वतःपुरत्या, आणि स्वतःपुरतं खोटं ठरून जगणारी माणसं त्यांनी कोर्टात ढिगाने पाहिली होती. मजेत असायची. त्याचाच त्यांना जास्त संताप आला.

त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. एकतीस वर्षांच्या वह्या. लघुलिपी त्यांना अजून छापील मजकुरासारखी वाचता येत होती. त्रेचाळीस तारखा त्यांनी एकेक करून शोधल्या, आणि प्रत्येक तारखेत ती जागा, जिथे समासात एक छोटी गोल खूण होती: टेप उलटली.

"अहो, ऐका," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "सर काय म्हणाले ते ऐका. 'पंखा कमी करा.' 'मागे कोण खोकतंय?' 'झालं का, ताई?' 'पाणी.' 'कुठे होतो मी?'"

"हे टेप उलटताना?"

"हो. खट झालं की ते व्याख्यानच थांबवायचे. वाट बघत बसायचे बिचारे. 'कुठे होतो मी' तर अकरा वेळा आहे."

यजमान हसायला लागले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी टाईपरायटरवरचं कव्हर काढलं, कागद चढवला आणि संध्याकाळपर्यंत असा खडखडाट केला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. पहिलं वाक्य त्यांनी अध्यक्षांच्या मसुद्यातलंच उचललं: टेप उलटत असताना सर पुढील वाक्यं बोलले व ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली. त्याखाली तारीखवार त्रेचाळीस ओळी. शेवटी वेगळा परिच्छेद: या जागी पुस्तकांत छापलेली त्रेचाळीस वाक्यं सरांची नाहीत. ती माझी आहेत. मी लिहिली. आणि त्याखाली त्यांनी पूर्ण नाव टाईप केलं. बोटांना त्या नावाची सवय राहिली नव्हती. एक अक्षर खोडून पुन्हा मारावं लागलं. त्याच्याखाली, निवृत्त लघुलेखिका, दिवाणी न्यायालय. मग सही, इतकी दाबून की कागदाच्या मागून बोटांना लागावी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

"वाचा," त्या प्राध्यापकांना म्हणाल्या. "आणि छापायची हिंमत असेल तर छापा."

हिंमत होती. चार महिन्यांनी 'मूळ वाणी' पार्सलने आली. ताईंनी दोरा कात्रीने कापला, खरं तर त्या दोरा सोडवून गुंडाळून ठेवणाऱ्यातल्या. मधलं पान उघडलं. तिथे छापलं होतं:

भीती ही नुसती सवय आहे. पंखा कमी करा. झाडाकडे बघा, झाड कुठे कोणाला घाबरतं?

आणि तळटीप: टेप उलटताना उच्चारलेलं. साक्ष: एक साधिका.

नियमात चूक काढायला जागाच नव्हती. सरांनी उच्चारलेलं होतं, हयात माणसाची लेखी साक्ष होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळी ओळीने घातल्या होत्या, 'पाणी' सुद्धा. शेवटचा परिच्छेद मात्र सरांच्या वाणीबद्दल नसल्यामुळे विचारात घेतला नव्हता. प्राध्यापकांची प्रस्तावना वीस पानांची होती. 'कुठे होतो मी?' हा प्रश्न अकरा वेळा येतो ही गोष्ट संशोधकांच्या नजरेतून इतकी वर्षं कशी निसटली, असं आश्चर्य त्यांनी व्यक्त केलं होतं. पंखा म्हणजे मन, हे त्यांनी पाचव्या पानावर सिद्ध केलं होतं.

"चौथं प्रकरण सुधारून झालं म्हणायचं," यजमान म्हणाले.

ताईंनी चपला घातल्या.

"आता कुठे?"

"भिंत बघायला. तिथली अक्षरंही काढायला घेतली असणार मेल्यांनी. काढताना तरी बघते."

सभागृहाच्या दारात वाळूचं घमेलं आणि शिडी होती. आत नेहमीची रांग होती. भिंतीवर पितळी अक्षरं होती तशीच होती. ताई रांग ओलांडून सरळ पुढे गेल्या आणि अक्षरांच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"मावशी, जरा बाजूला होता का?" मोबाईल धरलेली एक बाई म्हणाली. "आमच्या फोटोत येताय."

"नाही होत," ताई म्हणाल्या.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. मग तिने तसाच फोटो काढला आणि ती पुढे गेली. तिच्या मागच्यांनीही तसाच काढला. सहा-सात फोटो झाले. ताई प्रत्येक वेळी भिंगाकडे थेट बघत होत्या, कोर्टात उलटतपासणी चालू असताना बघायच्या तशा.

दारातल्या शिडीपाशी गवंडी हात पुसत होता.

"ही अक्षरं काढणार होते ना?" ताईंनी त्याला विचारलं.

"काढायलाच तर बोलावलं होतं, बाई. पहिलं हलवलं तर गिलावाच सुटायला लागला. भिंतीत ओल आहे, मागे बाथरूम आहे ना. अध्यक्षसाहेब म्हणाले, राहू दे मग."

पहिलं अक्षर थोडं तिरकं झालं होतं. ते सरळ करायचं काम त्याला सांगितलेलं नव्हतं.