यल्लव्वाचं झाड

पन्हाळ्याच्या थंडीला यल्लव्वानं आयुष्यात कधी भीक घातली नाही. तिचं घर गडाच्या पाठीमागच्या उतारावर, बौद्धवस्तीतलं अगदी शेवटचं. पावसाळ्याचे चार महिने धुकं थेट चुलीपर्यंत यायचं आणि दिवाळी सरली की असं वारं सुटायचं की दाराला आतनं दगड लावावा लागायचा. अशा जागी शहाणी माणसं कोबी लावतात, बंगलेवाले हौसेनं डेलिया लावतात. यल्लव्वानं त्र्याण्णव साली लंकेचं झाड लावलं.

झाड आणलं तिच्या लेकानं, धम्मपालनं. तो वारणानगरला कारकून होता. कोल्हापुरात एक भन्ते आले होते, लंकेहून परतलेले. त्यांनी चार जणांना चार रोपं वाटली, त्यातलं एक धम्मपालनं पत्र्याच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून आईकडं आणलं.

"आई, हे सालाचं झाड. भगवान बुद्धांचा जन्म ह्याच्याच खाली झाला."

यल्लव्वानं डबा दोन्ही हातांनी घेतला. आधी कपाळाला लावला, मग कुठं रोपाकडं नीट बघितलं. वीतभर काडी आणि वर पाच पानं, बाकी काही नाही.

तिचा नवरा दादासो उन्हाला पाठ देऊन बसला होता. तो म्हणाला, "लंकेचं व्हय? मग त्याला सांग, हितं स्वेटर लागतंय."

"तुमी गप बसा. ह्यो माझा आन् त्याचा इचार हाय."

तिसऱ्या दिवशी आकाराम आला. आकाराम म्हणजे गडावरच्या एका मोठ्या हॉटेलचा माळी, तीस वर्षं तिथल्या बागेत घालवलेला. या डोंगरावर काय जगतं आणि काय मरतं हे त्याला विचारल्याशिवाय कुणी खड्डा काढत नसे. येता-जाता तो कुंपणाबाहेर थांबून बोलायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. चहा घ्या म्हटलं की "आत्ताच झालाय" ठरलेलं. वीस वर्षं त्याचा चहा आत्ताच झालेला होता. यल्लव्वाला काय ते कळत नव्हतं? सगळं कळत होतं.

कुंपणावरनं वाकून त्यानं पान बघितलं. "हे गरम मुलखातलं हाय, यल्लव्वा. खाली कोकणात न्हेऊन लाव. हितं एक हिवाळा काढणार न्हाय. लिवून घे माझ्याकडनं."

"लिवून कशाला? दिसंल की," ती म्हणाली आणि वळून कामाला लागली.

आता खरं सांगायचं तर आकाराम काही खोटं बोलला नव्हता. डिसेंबरात पानं काळी पडली. जानेवारीत गळली. संक्रांतीला नुसती काडी उरली, आणि दादासो म्हणाला, चुलीला लाव आता ती. यल्लव्वा खाली बसली, नखानं काडीची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

"जित्तं हाय!" ती अशी ओरडली की वस्तीतली बायामाणसं कुणाला काय झालं म्हणून धावत आली.

त्या दिवसापासनं तिनं थंडीशी उघड वैर धरलं. रोप उचललं आणि घराच्या दक्षिण अंगाला, जांभ्या दगडाच्या भिंतीला लागून लावलं. जांभा दिवसभर ऊन खातो आणि सांजेला ते हळूहळू सोडतो, हे तिला भिंतीला पाठ लावून बसायच्या सवयीनं ठाऊक होतं. बुंध्याशी चार बोटं उसाचं पाचट घातलं. वाऱ्याच्या बाजूला बांबूचा तट्ट्या उभा केला. दिवेलागणीला झाडाला तागाची पोती गुंडाळायची, बाळंतिणीच्या डोक्याला फडकं बांधतात तशी, आणि उन्हं अंगणात आली की सोडायची. एका वर्षी बहिणीकडं हुपरीला गेली आणि दादासोला पोती सोडायला सांगून गेली. त्यानं सोडली नाहीत. चार दिवसांत आतल्या आत घाम धरून शेंडा कुजला. आल्यावर तिनं नवऱ्याला जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. पावसाळ्याचं निराळंच. धुक्यात मुळं सडू नयेत म्हणून तिनं खाली खडी भरली, वर मातीचा उंचवटा केला आणि आळ्याला उताराकडं तोंड काढून दिलं.

वस्तीतल्या बायका हसायच्या. "यल्लव्वा, लेकराला झोपवलंस काय गं?"

"झोपवलं की. तुमची लेकरं ऐकत न्हाईत, माझं ऐकतंय."

सहाव्या वर्षी झाड छपराच्या वर गेलं. पोती पुरेनात, तेव्हा ती शिडी लावून चढायची. दादासो खालनं शिडी धरून शिव्या घालायचा, पण शिडी सोडायचा नाही. पुढं बुंधाच असा जाड झाला की थंडीच त्याला भ्यायला लागली असावी. आकाराम कुंपणाबाहेरनं जाताना मान वर करून बघायचा आणि काही न बोलता जायचा. यल्लव्वाला ते न बोलणं लई गोड लागायचं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात झाड फुललं. आणि फुललं ते कसं, तर फांदीला नव्हे, थेट बुंध्याला! खोडातनं दोरखंडासारखे देठ बाहेर आले आणि त्यांना तळहाताएवढी फुलं लागली. पाकळ्या जाड, आतनं लाल-गुलाबी; मधोमध पिवळसर गोल गादी आणि तिच्यावर वाकलेला फणा. वास तर असा की पहिल्या सकाळी यल्लव्वा झाडाखाली बसली ती चुलीवरचा भात करपला तरी उठली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती रडली, आणि कुणी बघतंय का याची पर्वा केली नाही.

वास कुंपण ओलांडून वाटेवर गेला आणि आकारामला आत घेऊन आला. होय, आत! त्यानं कुंपणाशी चपला काढल्या, झाडापाशी आला, एक फूल तळव्यावर धरलं आणि त्याचा चेहराच पालटला.

"वैनी," तो म्हणाला, "हे तर कैलासपती! ह्यो बघा नागाचा फणा, आन् खाली ही पिंड. सगळं सोडून महादेव तुमच्या दारात आलाय की!"

इतक्या वर्षांत तिला त्याच्या तोंडनं 'वैनी' पहिल्यांदा ऐकू आलं.

पुढच्या सोमवारी दहा माणसं आली, त्याच्या पुढच्या सोमवारी चाळीस. आधी यल्लव्वाला बरंच वाटलं, उगाच खोटं कशाला बोला. जी माणसं तिच्या दारावरनं मान न वळवता जायची ती अंगणात अनवाणी उभी होती आणि तिनं लावलेल्या झाडाकडं बघून हात जोडत होती. तिनं त्यांना सावलीत बसायला घोंगडं टाकलं. कुणी तिला झाडाची हकीकत विचारली नाही, ते मात्र तिच्या ध्यानात राहिलं. मग एका सोमवारी कुणीतरी घंटा अडकवायला बुंध्यात बोटभर लांब खिळा ठोकला. तिनं बघितलं तर खिळ्याभोवती चीक गळत होता. तिनं पक्कडीनं खिळा उपटला, घंटा घेतली आणि भर दुपारी गावात जाऊन आकारामच्या पायरीवर ठेवून त्याला बजावून आली.

"हात जोडा, माझं काय बी म्हणणं न्हाय. खिळा ठोकलासा तर हात मोडीन."

पण माणसं एकदा गोळा झाली की त्यांची कमिटी होते. वर्षभरात कमिटी झाली, आकाराम तिचा अध्यक्ष झाला, आणि बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा बांधायचं ठरलं. कट्टा झाला की वर पत्रा, पत्रा झाला की देऊळ. झाड कुणाच्या दारात आहे हे कमिटीच्या बैठकीत कुणाला आठवलं नाही. जन्मभर बागेत राबलेल्या आकारामलाही आठवलं नाही की मुळांवर सिमेंट ओतलं की झाड मरतं.

ही खबर वारणानगरला गेली आणि धम्मपाल लेकीला, निशाला घेऊन आला. निशा कॉलेजात झाडापानांचंच शिकत होती. तिनं पुस्तक उघडून आज्जीपुढं चित्र धरलं.

"आज्जी, हा तो साल नव्हेच. लंकेत याला साल म्हणतात, पण बुद्धांचा साल निराळा, तिकडं उत्तरेत होतो. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तिथनं जहाजानं इकडं आलेलं."

"म्हंजे महादेवाचं बी न्हाय?"

"तिथल्या जंगलाचं आहे, आज्जी."

इतकी वर्षं यल्लव्वानं पोती बांधताना मनात एकच म्हटलं होतं, माझ्या बाबा, ज्यानं बुद्धाला सावली दिली त्याला मी ऊब देतोय. तेच खोटं निघालं.

"तोडून टाकू," धम्मपाल म्हणाला. "आपलं न्हवंच तर ठेवायचं कशाला? आज कट्टा, उद्या देऊळ, परवा तुलाच म्हणतील घर हलवा. मीच आणलं, मीच तोडतो."

"पोती तू बांधलीस? शिडीवर तू चढलास? आणून दिलास आन् गेलास. हात लावून तर बघ!"

रविवारी सकाळी वाळू-सिमेंटचा टेम्पो उतारावर येऊन थांबला. आकाराम आणि कमिटीची पंधरावीस माणसं अंगणात शिरली. त्याच वेळी घराच्या मागनं धम्मपाल कुऱ्हाड घेऊन आला. मधे झाड, आणि झाडाला पाठ लावून पदर खोचलेली यल्लव्वा.

"बाजूला व्हा, वैनी. देवाचं काम हाय."

"आई, सरक. मुळापास्नं काढतो, म्हंजे भांडणच मिटंल."

"वा रं वा!" ती म्हणाली. "एकाला सिमेंटनं मारायचंय, एकाला कुऱ्हाडीनं. आन् दोघं बी म्हणतासा आमचं, आमचं!"

एव्हाना खोडाला फळं धरली होती. तपकिरी, टणक, तोफेच्या गोळ्यासारखी. आकारामनं त्यातल्या सगळ्यात मोठ्याकडं बोट दाखवलं. "ते पयलं फळ महादेवाला चढवायचं. मग कामाला हात घालू."

"फळ कुणाला मिळणार नाही, झाडच पडणार," धम्मपाल कडाडला, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. दादासो ओट्यावरनं "अरं, अरं" करत राहिला.

यल्लव्वानं कोयता घेतला. सरळ वर हात घालून देठ छाटला, फळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं.

"ज्याच्यासाठी भांडालाय, त्याच्या आत काय हाय ते तर बघा!"

आणि आळ्याच्या दगडावर दाणकन आपटलं.

आत काय असेल ते तिलाही ठाऊक नव्हतं. कवटी फुटली, पांढरा गर बाहेर आला आणि वारा लागताच निळसर पडायला लागला. आणि वास! मेलेली घूस तीन दिवस पाण्यात पडून राहावी असा वास. पुढची माणसं मागच्यांच्या अंगावर पडली. कुणी "आयला!" म्हणून कुंपणच मोडून बाहेर गेलं. टेम्पोवाल्यानं गाडी चालू केली. आकाराम पटक्याचं टोक नाकाला लावून वाटेपर्यंत पोचला, आणि धम्मपाल कुऱ्हाड टाकून भिंतीशी ओकत उभा राहिला.

यल्लव्वाचेही डोळे भरून आले वासानं, पण ती जागची हलली नाही.

"का वो? कुठं चालला? देवाचं फळ की! या, घ्या, चढवा!" ती ओरडली. "धम्मपाल, ये, तोड की आता! फुलाला सगळे होतासा. आता ह्याला कोण हाय? बोला, कुणाचं झाड?"

माणसं नाकं दाबून एकमेकांकडं बघायला लागली.

"बोला की!"

"तुझंच, बाई!" आकाराम वाटेवरनं म्हणाला. "तुझंच हाय, पर पाणी वत त्याच्यावर!"

"मोठ्यानं! खालच्या वस्तीला ऐकू जाऊ दे."

"तुझं हाय! यल्लव्वाचं हाय!"

धम्मपालनं तोंड पुसलं. मग कुऱ्हाड उचलून घरात ठेवून आला.

"ऐकलासा न्हवं सगळ्यांनी?" यल्लव्वा म्हणाली. "आता ह्यात जेवढं बी निघंल तेवढं लावणार हाय. थंडीनं काय करायचं ते करावं, आन् तुमी बी."

ती फुटक्या फळापाशी खाली बसली, आणि पदर नाकाला न लावता, कोपरापर्यंत हात घालून त्या घाणीतनं बिया वेचायला लागली.