दुपट्यावरचं दूध

घरात तान्हं मूल रडायला लागलं की वैद्य उगवतात. एरवी ज्यांना स्वतःच्या खोकल्याचं कारण सांगता येत नाही, तेसुद्धा आईच्या दुधाची परीक्षा करायला पुढे सरसावतात. आपण सगळेच त्यातले, मंडळी. कुणी कुणाकडे बोट दाखवायचं? आबाही त्यातलेच निघाले, आणि आबा तर अगदी देवमाणूस.

त्यांची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. सकाळी इस्त्री तापायला ठेवायची, ती तापेपर्यंत डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं आणि मगच पहिल्या सदऱ्याला हात घालायचा, असा बत्तीस वर्षांचा नेम. डाग बघून काय सांडलं, किती सांडलं, कधी सांडलं हे ते बसल्या जागी सांगत. "आख्खा कप उलटला हो," असं म्हणत कुणी शर्ट पुढे केला, की आबा चष्म्यावरून बघत. "कप कुठला? दोन घोट सांडलेत. कापड चहाडखोर असतं साहेब, थोडक्याचं फार करून सांगतं."

दोन महिन्यांपूर्वी घरात नात आली. एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगी प्यायची छान, पण प्यायली की दूध काढायची. कधी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ, कधी भळकन खांद्यावर. मधूनच पाठ ताणून रडायची. तिची दुपटी आबाच धूत. रोजची दहा-बारा, आणि प्रत्येकावर ताटलीएवढा ओला डाग. तो ढीग बघून त्यांच्या काळजाचं पाणी व्हायचं. सगळं बाहेरच येतंय, मग लेकरू जगेल कशावर?

आबांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, निकाल कधीच देऊन टाकला होता. बाळंतपणाला म्हणून आली ती इथेच राहिली होती. "हिचंच दूध बाधतंय," ती म्हणाली. झालं! सुनेच्या ताटातून दर आठवड्याला एकेक जिन्नस उठायला लागला. आधी आंबट गेलं, मग डाळी, मग कोबी, मग दही. शेवटी मऊ भात आणि उकडलेला दुधी तेवढा उरला. नवरा मालवाहू गाडीवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्याचा फोन आला की ती "सगळं ठीक आहे" म्हणायची आणि पदराला डोळे पुसायची.

त्या दिवशी सकाळी आक्कानं ओट्यावर दुधाच्या भुकटीचा डबा आणि नवी कोरी बाटली आणून ठेवली.

"आज संध्याकाळपासून अंगावरचं बंद. वरचं सुरू. काय रे, तू बोल की. घरातला कर्ता ना तू?"

आबांनी मान खाली घातली. "लेकराचं भलं होत असेल तर... करूया."

"आबा, दोन दिवस थांबूया का?" सुनेनं विचारलं.

"थांबून थांबूनच तर ही वेळ आली," आक्का म्हणाली. "तुझा हट्ट मोठा की तिचा जीव?"

सुनेनं मुंगीला उचलून छातीशी धरलं. पाजणं थांबलं की दूध आटत जातं, आणि आटलेलं परत आणताना नाकी नऊ येतात, हे तिला ठाऊक होतं. पण दोन महिने एकच गोष्ट ऐकून तिलाही आता वाटायला लागलं होतं, की आपल्यातच काही खोट असेल.

दुपारी दुकानात सिस्टर आल्या. लहान मुलांच्या दवाखान्यात नोकरी, आबांचं जुनं गिऱ्हाईक. आबांनी त्यांचे सहा पांढरे कोट घडी करून टेबलावर ठेवले होते. तेवढ्यात आतून सून आली, खांद्यावर मुंगी.

"आबा, आत्याबाईंनी बाटली उकळायला ठेवलीय. त्याआधी एकदा डॉक्टरांना..."

वाक्य पुरं व्हायच्या आत मुंगीनं मान वर केली आणि सगळ्यात वरच्या कोटावर भळकन दूध काढलं.

आबांचा चेहरा पडला. आक्का आवाज ऐकून दारात आलीच. "बघा सिस्टर, तुम्हीच बघा! आत्ता पाजलं, आत्ता सगळं बाहेर. पोटात थेंब राहत नाही पोरीच्या."

सिस्टर कोटाकडे बघून हसल्या. "माझ्या कोटांना सवय आहे याची. आबा, मला एक सांगा. डागांतले तुम्ही जाणते. यावर किती सांडलंय?"

आबा सवयीनं वाकले. कोट उजेडाकडे तिरपा धरला, डागाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"चहाचा एक चमचा. फार तर दीड."

आणि ते तिथेच थांबले. आपल्याच तोंडून काय निघालं ते त्यांच्या कानांनी ऐकलं. परत एकदा डागाकडे बघितलं. मग त्यांनी आतून चमचा आणि पाण्याचा पेला आणला, बादलीतलं धुतलेलं दुपटं टेबलावर पसरलं आणि दोन चमचे पाणी ओतलं. पाणी पसरत गेलं, पसरत गेलं आणि ताटलीएवढं होऊन थांबलं.

आबा खुर्चीवर बसले. "बत्तीस वर्षं लोकांना हेच सांगतोय," ते हळूच म्हणाले. "आणि स्वतःच्या नातीच्या दुपट्यापाशी माझी अक्कल कुठे गेली होती?"

"मायेपाशी गेली होती," सिस्टर म्हणाल्या. "भीती वाटली की माणसाला चमचाही घागरीएवढा दिसतो. बरं, ओले लंगोट किती निघतात दिवसाला?"

"आठ, नऊ. मीच वाळत घालतो."

"वरून काही देत नाही, मग हे पाणी कुठून येतंय? आणि वजन?"

सुनेनं आतून लसीकरणाचं कार्ड आणलं. सिस्टरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. जन्मापासून परवाच्या लसीपर्यंत वजन पायरी-पायरीनं चढत गेलं होतं. ते कार्ड कपाटात होतं. दोन महिन्यांत घरात कुणी त्यातले आकडे बघितलेच नव्हते.

"मग रडते का मेली?" आक्कानं विचारलं, पण आता आवाजात पहिला जोर नव्हता.

"आजी, पोटाच्या तोंडाशी एक झाकण असतं. लहान मुलांचं ते कच्चं असतं, म्हणून दूध उलटं वर येतं. रिफ्लक्स म्हणतात त्याला. तिला तेच असेल, नसेलही. ते डॉक्टर ठरवतील, उद्याच दाखवा. बहुतेक मुलांचं बसायला लागली की कमी होत जातं. पण आईचं दूध खराब आहे म्हणून हे होत नाही. आता मला पाजताना दाखवा बघू."

दोघी आत गेल्या. सुनेनं मुंगीला डोकं उंच राहील असं धरलं. एका बाजूचं झालं तशी थांबली, ढेकर काढली, मग दुसऱ्या बाजूला घेतलं. झाल्यावर तिला खांद्यावर उभी धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

"आता किती वेळ उभं राहणार?"

"अर्धा तास. लगेच आडवी केली की जास्त काढते."

"प्रत्येक वेळी?"

"हो. रात्रीही."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

सून जरा लाजली. "कुणी नाही. तिच्याकडे बघत गेले, कळत गेलं."

सिस्टर बाहेर येऊन आबांना म्हणाल्या, "मला शिकवण्यासारखं फार काही उरलेलं नाही. तुमच्या सुनेनं ते आधीच शोधून काढलंय. फक्त झोपवताना पाठीवरच, कुशीवर किंवा पालथं नाही. हिरवं काढलं, रक्त दिसलं, कारंज्यासारखं जोरात उडालं, प्यायचंच नाकारलं किंवा वजन थांबलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि आजी, तो डबा वाईट नाही हं. ज्या लेकरांना लागतो त्यांना लागतोच. हिला आत्ता लागत नाही. हिच्या आईला मात्र पोटभर जेवायला लागतंय. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिच्या ताटातलं काही काढू नका."

आबा उठले. सुनेसमोर जाऊन उभे राहिले. सासऱ्यानं सुनेची माफी मागायची म्हणजे जीभ जड होते; त्यांचीही झाली.

"सूनबाई, दिवसातून आठ-नऊ वेळा, अर्धा-अर्धा तास, तू उभी राहत होतीस. अर्धपोटी. आणि आम्ही पुढच्या खोलीत बसून तुझ्या दुधात दोष काढत होतो. एकदाही विचारलं नाही, की बाई, तुला काय दिसतंय? चुकलं माझं."

सुनेनं मुंगीला त्यांच्या खांद्यावर दिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिची कंबर मोकळी झाली.

आतून फोडणीचा वास यायला लागला. आक्का डाळ करत होती. "ये, बस जेवायला," ती म्हणाली, "आणि ताटात शिल्लक ठेवलंस तर बघ." ओट्यावर उकळून ठेवलेली बाटली तशीच गार होत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मुंगीला तपासलं, वजन केलं. रिफ्लक्सच आहे, पण पोर वाढतंय, औषधाची गरज नाही, असंच पाजत राहा, पंधरा दिवसांनी दाखवा, असं सांगितलं. मुंगी अजून दूध काढते. मधूनच रडतेही. पण आता सकाळी दुकानात आलात, तर आबा एका खांद्यावर नातीला उभी धरून हिंडताना दिसतील. कुणी घाई केली की म्हणतात, "वीस मिनिटं थांबा, आमची धनीण जेवून उठलीय." गिऱ्हाइकं थांबतात. गिऱ्हाइकंही कुणाची तरी लेकरं आहेत.

तर मंडळी, देवानं दात यायच्या आधी दूध दिलं आणि ते आईच्या हवाली केलं. जिच्या हवाली केलं, तिचं आधी ऐकून घ्या. शंका आली तर वजनाचं कार्ड उघडा, डॉक्टरांना दाखवा; शेजारपाजारच्या निकालावर बाळाचं दूध तोडू नका. आणि उद्या तुमच्या घरात तान्हं मूल दूध काढून रडायला लागलं, तर त्याच्या आईला आधी इतकंच म्हणा, "आण, मी धरतो. तू जेवून घे."